अडीचशे डोक्यांचा रस्ता

शिरगणतीच्या खात्याकडून प्रत्येक जिल्ह्याचे एक जाडजूड पुस्तक निघत असते. जिल्हा जनगणना पुस्तिका हे त्याचे नाव. म्हणायची पुस्तिका, पण उशाला घेता येईल एवढी तिची जाडी. कादंबरीसारखे हे पुस्तक कोणी वाचीत नाही. मला मात्र ते वाचण्याचा नाद आहे, आणि घरच्या मंडळींनी तो आता सोडून दिला आहे—म्हणजे त्याविषयी बोलणे सोडून दिले आहे.

या पुस्तकात प्रत्येक गावाला एक ओळ मिळते. गावाचे नाव, क्षेत्रफळ, घरे, माणसे. पुढे शाळा, दवाखाना, टपाल, मोटार, रेल्वे. सोय गावात असली तर तशी नोंद. नसली तर ती किती लांब आहे ते एका इंग्रजी अक्षराने दाखवतात. 'ए' म्हणजे पाच किलोमीटरच्या आत, 'बी' म्हणजे पाच ते दहा, आणि 'सी' म्हणजे दहाच्या पुढे. साडेदहा असो की ऐंशी असो, अक्षर तेच. नाशिक जिल्ह्याच्या पुस्तिकेत कळवण तालुक्याची पाने काढावीत आणि रेल्वेच्या रकान्यावरून बोट खाली न्यावे. सगळीकडे 'सी'. मनमाड, लासलगाव, नाशिक रोड, कुठलेही स्टेशन धरा, या तालुक्यातल्या एकाही गावाला ते जवळ नाही.

हे सगळे रकाने मुकाट्याने वाचून पुढे जावेत असे असतात. पण माणसांच्या रकान्याची गोष्ट निराळी आहे. त्या एका आकड्यावरून गावाला रस्ता मिळायचा की नाही हे ठरते. आपण मुंबई-पुण्याची माणसे. दारातल्या रस्त्यावर खड्डा पडला तर वर्तमानपत्राला पत्र लिहितो. पण आपल्या आळीत माणसे किती राहतात यावर आपला रस्ता अवलंबून आहे, असे आपल्याला कधी कोणी सांगितलेले नसते. कळवणला ते सांगतात.

कळवणशी माझे नाते जुने आहे. माझे एक काका अभोण्याच्या बाजूला शिक्षक होते, आणि उन्हाळ्याच्या व दिवाळीच्या सुट्टीत आम्हा मुलांची रवानगी तिकडे होई. नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी करीत गेले की पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर कळवण. दुसरी वाट आग्रा रोडने जाऊन देवळ्यावरून. पूर्वी देवळा हे कळवण तालुक्यातच होते, १९९९ साली त्याचा वेगळा तालुका झाला.

तालुक्याचे सरळसरळ दोन भाग पडतात. गिरणा पश्चिमेच्या डोंगरातून निघते, चणकापूरच्या धरणात अडते आणि मग पूर्वेकडे मोकळ्या रानात उतरते. या पूर्वेच्या भागात कांदा. उन्हाळ कांद्याच्या चाळी, कांद्याचे ट्रॅक्टर, कांद्याच्या भावाच्या गप्पा. इथल्या माणसाच्या बोलण्यात अहिराणी डोकावते. अभोणा ओलांडून कनाशी-दळवटच्या अंगाला वळलात की जमीन उभी राहू लागते. नागली, वरई, भात. कोकणा, भिल्ल, महादेव कोळी यांची वस्ती. आणि गाव म्हणजे एका जागी दाटीने बसलेली घरे नव्हेत, तर इथे चार, तिथे दहा अशी टेकड्यांवर विखुरलेली. या विखुरलेल्या तुकड्यांना पाडे म्हणतात. पाडा हा शब्द ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यापायी आहे.

रेल्वे नाही असे म्हटले खरे, पण रुळावरून चालणारे एक वाहन या तालुक्यात आहे. सप्तशृंगीचा गड कळवण तालुक्यातच येतो. नांदुरीहून दहा किलोमीटरचा घाट चढून गडावरच्या गावात जावे आणि तिथून देवीच्या पायऱ्या चढाव्यात, असा जुना क्रम. २०१८ पासून या पायऱ्यांना पर्याय म्हणून दोरखंडाने ओढली जाणारी रुळांवरची ट्रॉली सुरू झाली. चैत्रात आणि नवरात्रात लाखोंनी माणूस लोटतो, एस. टी. जादा गाड्या सोडते, वाहतुकीची सगळी यंत्रणा देवीच्या पायाशी उभी राहते. गर्दी आहे म्हणून सोय आहे. देवीच्या दर्शनाला म्हातारीकोतारी माणसे जाऊ लागली याचा आनंद मलाही आहे. पण गडावरून पश्चिमेकडे पाहिले म्हणजे धुरकट निळ्या डोंगरांच्या ओळी दिसतात, आणि त्या ओळींच्या पोटात जे पाडे आहेत तिथे गर्दी नाही.

आता हा माणसे मोजण्याचा नियम आला कुठून? १९४३ साली नागपूरला देशभरच्या मुख्य अभियंत्यांची बैठक झाली. स्वातंत्र्य अजून दूर होते, महायुद्ध चालू होते. त्या बैठकीत रस्त्यांची जी योजना ठरली तिचे एक उद्दिष्ट असे होते की शेतीच्या संपन्न मुलखातले कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये. १९६१ च्या वीस वर्षांच्या योजनेने हे अंतर आणखी खाली आणले. पक्क्या रस्त्यापासून चार मैल, कोणत्याही रस्त्यापासून दीड मैल. ही भाषा लक्षात घ्या. गावातल्या माणसाला किती चालावे लागते, हा तिचा प्रश्न होता.

पुढे पैसा कमी आणि गावे फार, असे कोडे पडले. आधी कोणाला द्यायचे? १९७४ साली सुरू झालेल्या पाचव्या पंचवार्षिक योजनेत किमान गरजांचा कार्यक्रम आला आणि त्याने सांगितले की दीड हजार वस्तीच्या गावांना आधी बारमाही रस्ता. तेव्हापासून माणसे मोजून रस्ता देण्याची पद्धत रूढ झाली. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना निघाली तेव्हा हा उंबरठा पाचशेवर आला, आणि डोंगराळ व आदिवासी क्षेत्रांसाठी अडीचशेवर. १९८५ च्या आदेशाने पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तिन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आले आहेत. तेव्हा कळवणला अडीचशेचा हिशोब लागतो.

हा नियम सरसकट वाईट आहे असे मी म्हणणार नाही. या योजनेने देशात जेवढे रस्ते केले तेवढे आधीच्या कित्येक वर्षांत झाले नव्हते, आणि कळवणच्या पश्चिमेला ज्या गावांत मी लहानपणी बैलगाडीने गेलो तिथे आज डांबरावरून जातो. दुष्काळी कामावर खडी फोडून केलेले आणि दुसऱ्या पावसात वाहून गेलेले रस्ते ज्यांनी १९७२ नंतर पाहिले असतील त्यांना या डांबराची किंमत वेगळी सांगायला नको. पण उंबरठा म्हटला की त्याच्या आत कोणी असतो आणि बाहेर कोणी असतो. दोनशे साठांचा पाडा आत. दोनशे तीसांचा बाहेर. पायाखालचा चिखल दोघांचा सारखाच.

आणि उंबरठे काय एकटे रस्त्याचेच आहेत? आदिवासी भागात वीस हजार माणसांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तीन हजारांमागे एक उपकेंद्र. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे काय करायचे, त्या एकत्र करायच्या काय, याची चर्चा महाराष्ट्रात २०२३ साली झाली ती आपल्याला आठवत असेल. विरळ वस्तीच्या माणसाने ज्या ज्या दारात जावे तिथे कोणीतरी आधी त्याची डोकी मोजतो.

रस्ता झाला म्हणजे मोटार येतेच असेही नाही. इथे मला मुक्कामी गाडीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण नव्या पिढीला हा प्रकार ठाऊक नाही आणि जुन्या पिढीतल्या शहरी माणसांनाही त्याचे मर्म कळलेले नसते.

१ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस. टी. धावली. त्यानंतर पाचपंचवीस वर्षांत ती आडगावांपर्यंत पोचली. ज्या गावाला शेवटची गाडी संध्याकाळी जाई आणि रात्री तिथेच थांबून पहाटे परत फिरे, ती मुक्कामी गाडी. काकांच्या गावी अशी गाडी येत असे. दिवेलागणीनंतर तासाभराने टेकडीच्या वळणावर दोन दिवे दिसत, आणि सगळी पोरे ओरडत पाराकडे धावत. टपावरून सायकली, रॉकेलचे डबे, लग्नाचा बस्ता, एकदा तर शिंगाला दोरी बांधलेला बोकड उतरलेला मला आठवतो. कंडक्टर आधी पोस्टाची थैली देई, मग निरोप. "तुमच्या भाच्याला मुलगा झाला", "तुमची तारीख पुढे गेली", "तात्यांनी सांगितलंय, या बाजाराला कांदा आणू नका". वर्तमानपत्रही त्याच गाडीने येई. सकाळची बातमी आम्ही रात्री कंदिलाशी वाचीत असू.

ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात किंवा शाळेच्या पडवीत झोपत. कोणाकडून भाकरी येई, कोणाकडून पिठले. कंडक्टर आपली तिकिटांची पत्र्याची पेटी उशाशी घेऊन निजे. पहाटे साडेपाचला गाडी सुरू करण्याचा सोहळा होई. थंडीत ती पहिल्या झटक्याला कधी सुरू होत नसे, मग सगळ्यांनी मिळून धक्का. त्या पहिल्या गाडीत कोण असे? तहसील कचेरीत काम असलेला शेतकरी. कोर्टाची तारीख असलेले दोघे भाऊ, एकमेकांविरुद्धच्या खटल्यासाठी एकाच बाकावर बसून निघालेले. कळवणच्या हायस्कुलात जाणारी मुले. आणि डबे! नाशिकला खोली घेऊन शिकणाऱ्या मुलांचे डबे, कापडाच्या पट्टीवर नाव लिहून कंडक्टरच्या हवाली केलेले. आईच्या हातची भाकरी ऐंशी किलोमीटर जाऊन दुपारी मुलाच्या पुढ्यात पडत असे, आणि त्याचे भाडे कोणी मागत नसे.

मर्म कशात होते ते सांगतो. पहाटे निघालेला माणूस कचेरी उघडायच्या आत तालुक्याला पोचे आणि संध्याकाळच्या त्याच गाडीने घरी येई. एका दिवसात काम. आता असे समजा की मुक्कामी गाडी बंद झाली आणि तिच्याऐवजी सकाळी अकराची फेरी सुरू झाली. माणूस कळवणला पोचतो तो एकच्या सुमाराला. साहेब जेवायला गेलेले. ते येईपर्यंत परतीची गाडी सुटायला आलेली. कॉलेज तर त्या गाडीने होतच नाही. पण पुस्तिकेतल्या मोटारीच्या रकान्यात दोन्ही गावांची नोंद एकच राहील: गाडी येते. कधी येते हे विचारायला तिथे रकानाच नाही.

एस. टी.चीही बाजू आहे. तिला भारमान पाहावे लागते, म्हणजे गाडीत बसायच्या जागांपैकी किती भरल्या ते. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. साथीच्या आधी अठरा हजारांच्या आसपास असलेल्या गाड्या पुढे पंधरा हजारांच्या खाली आल्या. गाड्या कमी झाल्या की कात्री कुठल्या फेरीला लागणार? पुणे-नाशिकला नक्कीच नाही. काळीपिवळी जीप आणि पिकअप यांनी ती जागा घेतली. पण जीपवाला गाडी भरल्याशिवाय हलत नाही. त्याचेही भारमान असतेच, फक्त तो त्याला भारमान म्हणत नाही.

सवलती मात्र पुष्कळ आहेत. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट, शाळेच्या मुलींना अहिल्याबाईंच्या नावाने मोफत पास. यामुळे कितीतरी मुली शिकल्या हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण ही सवलत गाडीच्या पायरीपासून सुरू होते. पायरीपर्यंत ज्याचे त्याने यायचे.

गेल्या हिवाळ्यात मी पश्चिमेच्या एका पाड्यावर गेलो होतो. पाड्याचे नाव मुद्दामच देत नाही. दिले तर तिथल्या ग्रामसेवकाला आणि शिक्षकाला नाहक जाब द्यावा लागेल, आणि त्या दोघांचा यात काही दोष नाही. डांबर संपते तिथून पुढे दोनअडीच किलोमीटर वाट. मध्ये एक ओहळ. कोरड्या दिवसांत ट्रॅक्टर जातो, मोटारसायकल तर जातेच. आषाढापासून चार महिने मात्र ओहळ ठरवील तेव्हा जायचे.

एका घराच्या ओट्यावर एक आजी नागली पाखडीत बसल्या होत्या. मी विचारले, "आजी, पावसाळ्यात कोणी आजारी पडलं तर काय करता?"

"पावसाळ्यात आजारी पडायचंच नाही, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि सूप झटकून हसल्या.

मग त्यांनी झोळीची हकिगत सांगितली. सुनेच्या पोटात रात्री कळा सुरू झाल्या. १०८ नंबरची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात आहे. तिला फोनही लागला, ती आलीही, पण डांबराच्या टोकाशी थांबली. तिथपर्यंत बांबूला घोंगडी बांधून तिला न्यायचे. "चौघं उचलायला लागतात, चौघं मागून. खांदा बदलायला," आजी म्हणाल्या. "आठ गडी पाहिजेत. तेव्हा होते म्हणून बरं."

"एरवी नसतात?"

त्यांनी समोरच्या ओळीतल्या घरांकडे हात केला. चार दारांना कड्या होत्या.

त्या कड्यांचे कारण आपल्या जेवणाच्या टेबलापर्यंत येते. वाचकहो, आपण येत्या माघ-फाल्गुनात द्राक्षे घरी आणाल. निफाडची, दिंडोरीची; हिरवीगार, एकसारख्या मण्यांची. एवढी एकसारखी ती आपोआप होत नाहीत. ऑक्टोबरात छाटणी होते, मग घडांची विरळणी, मग औषधात बुडवणे, आणि जानेवारीच्या मध्यापासून काढणी. प्रत्येक घड कात्रीने हाताने कापायचा, मण्यावरची लव न पुसता पेटीत ठेवायचा. या कामाला पेठ, सुरगाणा, कळवणच्या डोंगरातल्या टोळ्या उतरतात. एकराच्या उक्त्यावर काम, मुकादमाची उचल, बागेच्या कडेला प्लास्टिकचे छप्पर. नवरा-बायको जातात, पोरेही बरोबर जातात, कारण मागे त्यांना बघणार कोण? काढणीची ऐन गर्दी फेब्रुवारी-मार्चची.

आणि शिरगणती होते फेब्रुवारीत.

ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहा. कळवणला एक निवृत्त गुरुजी भेटले, त्यांनी २०११ ला प्रगणक म्हणून काम केले होते. त्यांनी मला नियम समजावून सांगितला. "९ ते २८ फेब्रुवारी अशी गणती होती. या वीस दिवसांत जो माणूस थोडे दिवस का होईना घरी असेल, त्याला इथं लिहायचं. पण जो पूर्ण वीस दिवस बाहेर असेल, त्याला लिहायचं नाही. तो जिथं सापडेल तिथला प्रगणक त्याला लिहिणार. दाराला कडी, शेजारी म्हणतो निफाडला गेलेत, होळीला येतील. आपण काय करणार? पुढचं घर घ्यायचं."

"तुम्हाला ते चुकीचं वाटलं नाही?"

"चुकीचं कसं? नियम बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. "नाहीतर एक माणूस दोनदा लिहिला जाईल. देशाचा आकडा बरोबर येतो. पाड्याचा जातो."

मला ते अगदी पटले. देशाच्या गणतीला माणूस एकदाच मोजला जाणे महत्त्वाचे, तो कुठे मोजला याचे तिला फारसे दुःख नाही. बागेच्या कडेला छपरात राहिलेली माणसे निफाड-दिंडोरीच्या आकड्यात जमा होतात. अगदी उघड्यावर असतील तर २८ फेब्रुवारीच्या रात्री त्यांची वेगळी गणती होते. ज्या गावांना आधीच रस्ता, गाडी, दवाखाना आहे त्यांच्या खात्यावर ही डोकी चढतात आणि ज्याला रस्ता हवा त्याच्या खात्यातून उतरतात. समजा पाड्यात पावणेतीनशे माणसे आहेत. आठदहा कुटुंबे पोराबाळांसकट बागेवर गेली, पंचेचाळीस माणसे वजा. उरली दोनशेतीस. रस्ता गेला. रस्ता नाही म्हणून शेतीत राम नाही, शेतीत राम नाही म्हणून माणसे बागेवर जातात, आणि बागेवर जातात म्हणून रस्ता नाही.

पाड्याचे आणखी एक दुखणे आहे. पुस्तिकेतली ओळ असते महसुली गावाची. पाड्याला स्वतःची ओळच नसते. त्याचा आकडा गावाच्या आकड्यातून फोडून काढावा लागतो. योजनेच्या नियमात जवळजवळच्या वस्त्या एकत्र धरून बेरीज करायची सोय आहे, सपाटीवर पाचशे मीटरपर्यंत आणि डोंगरात वाटेने दीड किलोमीटरपर्यंत. ही बेरीज कोणी करून मागितली तर होते. पण मागणारा कोण? २०१४ च्या पेसा नियमांनी महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रात पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेण्याचा आणि आपली ग्रामसभा भरवण्याचा मार्ग मोकळा केला आहे. त्यासाठी ठराव, अर्ज, तालुक्याच्या फेऱ्या; म्हणजे पुन्हा अकराची गाडी.

फेब्रुवारी महिना कोणी ठरवला? तो फार जुना आहे. आपल्याकडे सगळ्या देशभर एकदम अशी शिरगणती १८८१ पासून होते, आणि ती बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चात झाली. १९३१ पर्यंत तर एकाच रात्री सगळा देश मोजण्याची पद्धत होती. तारीख ठरवताना त्या रात्री चांदणे आहे ना हेही बघत, कंदील घेऊन फिरणाऱ्या प्रगणकाला वाट दिसावी म्हणून. खरीप घरात आलेला, हवा कोरडी, नद्यांना उतार, माणसे आपापल्या घरी. त्या काळी हा महिना निवडणाऱ्यांनी शहाणपणच केले. निफाड-दिंडोरीला तेव्हा एवढी द्राक्षे नव्हती. आज नाशिक जिल्ह्यात माणसे घरी नसण्याचा महिना कोणता असे मला विचाराल तर मी फेब्रुवारीच सांगेन.

२०२१ ची शिरगणती साथीमुळे राहिली. ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला. देशातल्या पंचवीस हजार बिनरस्त्याच्या वस्त्या जोडायच्या असे त्यात ठरले आहे. त्यालाही आधार घेतला तो २०११ च्या आकड्यांचा, तेव्हाच्या फेब्रुवारीचा. त्या वेळी बागेच्या छपरात जन्मलेले मूल आता स्वतः कात्री धरण्याच्या वयाचे झाले आहे.

नव्या शिरगणतीची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. ती दोन फेऱ्यांत व्हायची. पहिली फेरी घरयादीची, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळातली, ज्या त्या राज्याने आपला महिना निवडायचा. दुसरी फेरी माणसांच्या गणतीची, फेब्रुवारी २०२७. संदर्भाची तारीख १ मार्च. या घरयादीकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. ती पक्की घरे, नळ, दिवे, संडास मोजण्यासाठी आहे अशी समजूत. पण २०११ च्या घरयादीत एक साधा प्रश्न होता: या कुटुंबात नेहमी राहणारी माणसे किती? उन्हाळा-पावसाळ्याचा हा काळ डोंगरातली माणसे घरी असण्याचा. नागली, भात, वरईची आवणी तेव्हाच असते. तेव्हा रस्त्याचा उंबरठा ठरवताना डोकी मोजायचीच असतील तर ती घरयादीतून घ्यावीत, असे माझे मत आहे. कायदा बदलायला नको, नवे खाते उघडायला नको. कागद सरकारच्याच कपाटात असतो. आणि त्याहून बरे म्हणजे १९४३ आणि १९६१ च्या अभियंत्यांचा प्रश्न पुन्हा विचारावा: या माणसाला पक्क्या रस्त्यापर्यंत किती चालावे लागते? ओहळ त्याला किती दिवस अडवतो? पण हे म्हणणारा मी कोण? मी पुस्तिका वाचणारा माणूस.

आजींचा मुलगा आणि सून यंदाही जाणार आहेत. मुकादमाची उचल घेऊन झाली आहे, संक्रांत झाली की टोळी उतरेल. परत कधी येता, असे विचारले तर सगळ्यांचे एकच उत्तर असते: शिमग्याला. डोंगरात होळी म्हणजे आपली दिवाळी. कुठेही असला तरी माणूस होळीला पाड्यावर येतो, आणि त्या रात्री एकाही दाराला कडी नसते. २०११ साली होळी १९ मार्चला होती. २०२७ साली ती २० मार्चच्या पुढे येते. प्रगणक तोपर्यंत कागद बांधून गेलेला असेल.